आरूला यंदा नेऊ नको

पाथर्डीच्या एसटी स्टँडवर मला सोडायला अख्खं घर आलं होतं: आई, आण्णा, माझा धाकटा भाऊ भागवत, वहिनी, त्यांची आठ वर्षांची आरू आणि आरूच्या कडेवर तिचा दहा महिन्यांचा भाऊ पिंट्या. मी चालले होते युरोपात शिकायला, पण निरोपाची तऱ्हा सगळी ऊसतोडीला निघाल्याची. आमच्या घराला दुसरी तऱ्हा माहीतच नाही. आईने माझ्या नव्याकोऱ्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी, लोखंडी तवा घातला होता. "परमुलखात समदं मिळतंय, आपला तवा न्हाई मिळत," म्हणाली. मी म्हटलं, "अगं, विमानात वजन बघतात." तर म्हणते, "बघू दे की. त्यास्नी बी कळू दे आपल्या घरचा तवा किती वजनाचा हाय."

गाडी लागायच्या आत मी भागवतला बाजूला घेतलं.

"आरूला यंदा नेऊ नको."

"कामून?"

"कामून काय? तिसरीत गेलीय ती. सहा महिने शाळा बुडते."

"आन पिंट्याला कोन बघंल?"

"वहिनीला यंदा घरी ठेव."

"मंग मी अर्धा कोयता व्हतो, ताई. अर्ध्या कोयत्याला टोळीत कोन इचारतंय?"

तोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाचा अर्धा. आमच्या घरातून दोन कोयते जातात. आई-आण्णांचा एक, भागवत-वहिनीचा दुसरा. दसरा झाला की दाराला कुलूप लागतं ते गुढीपाडव्याच्या आसपास निघतं. चारही मोठी माणसं उसाच्या फडात असली की मागे पाचटाच्या खोपीवर तान्ह्या पोराला सांभाळायला राहते ती आठ-नऊ वर्षांची पोरगी. आरूचा नंबर यंदा लागणार होता, हे तिच्यासकट सगळ्यांना माहीत होतं.

"बघू," भागवत म्हणाला. आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'न्हाई', फक्त भांडण न करता सांगितलेलं. गाडी हलली तेव्हा सगळ्यांनी हात हलवले. आरूला हलवता आला नाही, तिचे दोन्ही हात पिंट्याला धरण्यात गुंतले होते.

हे मी तुम्हा दोन गटांसाठी लिहितेय: जे मागे राहिले त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे सुटले म्हणून स्वतःची पाठ थोपटत फिरतात त्यांच्यासाठी. दुसऱ्या गटाने जरा नीट वाचावं.

तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते, लग्न न केलेली. नगरला समाजकार्य शिकले, मग दहा वर्षं एका संस्थेत जीपगाडीतून गावोगाव फिरले. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते, आणि ती कुणी बांधली हे मात्र विचारू देत नाही. शिष्यवृत्ती मिळाली त्या अभ्यासक्रमाचं नाव मराठीत आणलं तर 'तुलनात्मक युरोपीय समाजकार्य आणि सामाजिक धोरण' असं काहीतरी होतं. आईने शेजारणीला ते एका वाक्यात सांगितलं, "तिकडं लोकांची मदत कशी करत्यात ते शिकाया चाललीया." शेजारीण म्हणाली, "तिकडं बी गरीब हायेत व्हय?" आई म्हणाली, "आसतील की. त्याबिगर का कोर्स काढलाय?" आजवर या अभ्यासक्रमाची याहून चांगली ओळख मला कुणी करून दिली नाही.

दर सत्राला देश बदलायचा, असा त्याचा नियम. पहिलं सत्र पोर्तुगालात, दुसरं जर्मनीत, तिसऱ्यात आपण निवडलेल्या विषयाचा प्रत्यक्ष अभ्यास, तोही आपण निवडू त्या ठिकाणी, आणि चौथ्यात परत जर्मनीत बसून प्रबंध. म्हणजे थोडक्यात माझ्यासाठीच केलेला कोर्स. उचल बिऱ्हाड, ठेव बिऱ्हाड. वर्गातल्या बाकीच्यांना या धावपळीचा ताण यायचा. मला उलट थांबायचाच ताण यायचा. पोर्तुगालात रविवारी दुपारी सगळं गाव चिडीचूप झालं की मी खोलीत फेऱ्या मारायचे, मग त्या चढाच्या दगडी रस्त्यांवरून विनाकारण नदीपर्यंत जायचे आणि परत यायचे. बॅग मी पूर्ण कधी रिकामी केलीच नाही. तवा तेवढा बाहेर काढला, आणि त्यावर भाकरी थापायला गेले तर धुराची घंटा वाजून सगळी इमारत खाली अंगणात जमली.

पहिल्या सत्रात बाईंनी फळ्यावर तीन चौकोन काढले. सरकार, कुटुंब, बाजार. मूल सांभाळायचं काम कोणत्या देशात कोणता चौकोन करतो, ते ज्याने त्याने सांगायचं. कुणी सांगितलं आमच्याकडे सरकार, कुणी म्हणालं आजी-आजोबा, कुणी म्हणालं पैसे भरून पाळणाघर. माझी पाळी आली. ऊसतोडीची पद्धत सांगितली. बाईंनी विचारलं, "मग आईवडील शेतात असताना मुलांवर लक्ष कोण ठेवतं?"

मी म्हटलं, "सगळे मिळून."

खोपीवरची रीत मी त्यांना समजावून सांगितली. टोळीतली एक जरी बाई कामावर गेली नाही, कुणी बाळंतीण असेल, कुणी आजारी असेल, तरी त्या दिवशी खोपीवरची सगळी पोरं तिची. तिला कुणी सांगत नाही, तीही कुणाला विचारत नाही. नुसतं "अमकी हाय की खोपीवर" एवढं म्हणून बाकीच्या फडात निघतात. बाईंना हे फार आवडलं. त्यांनी तीन चौकोनांच्या बाहेर एक मोठं वर्तुळ काढलं, त्यात 'समुदाय' असं लिहिलं आणि वर्गाला म्हणाल्या, बघा, आपण हे गमावून बसलो आहोत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी तो सगळा दिवस टेचात होते. खोटं कशाला बोलू, आमच्या दारिद्र्याला पहिल्यांदा कुणीतरी टाळ्या वाजवल्या होत्या.

नोव्हेंबरात भागवतच्या मोबाईलवर फोन केला तर उचलला आरूनेच. मागे ट्रॅक्टरचा आवाज, कुत्र्यांचा आवाज. मला काही विचारावंच लागलं नाही.

"आत्या, पिंट्या मला सोडतच न्हाई गं. खाली ठिवला का रडतोय."

"जवळ कोण आहे मोठं?"

"हाय ना. एक काकू हाय."

मला राग आला होता, पण 'काकू हाय' ऐकल्यावर तो उतरला. मनातल्या मनात मी ते वर्तुळ आरूभोवती काढून टाकलं आणि निबंध लिहायला बसले. निबंधाला चांगले गुण मिळाले.

एप्रिलात मी जर्मनीत. तिथे शतावरीची एक पांढरी, जाड कोंबांची जात आहे, तिचा हंगाम एप्रिल ते जून. लोक तिच्यासाठी वेडे होतात. शेतात मातीचे उंच वरंबे असतात, कोंब मातीच्या आतच असतो. वाकायचं, बोटांनी माती बाजूला करायची, लांब पात्याच्या सुरीने आतून कोंब कापायचा, क्रेटमध्ये टाकायचा, माती परत थापायची, पुढे सरकायचं. दिवसभर. काम करायला माणसं येतात रुमानियातून, बल्गेरियातून, आणि शेताच्या कडेला पत्र्याच्या खोल्या ओळीने मांडलेल्या असतात त्यात राहतात. मी आईला फोटो पाठवला. तिने तो मोठा करून बघितला म्हणे, आणि म्हणाली, "ऊस बरा. उसाला निदान मान वर करता येती."

हंगामी मजुरांना सल्ला देणाऱ्या एका छोट्या केंद्रात मला कामाचा अनुभव घ्यायचा होता. तिथे माझ्यावर देखरेख होती बिर्गिटची. पन्नाशीची, उंच, सायकलवरून येणारी, कमी बोलणारी बाई. पहिल्याच आठवड्यात ती मला एका शेतावर घेऊन गेली. ती मजुरांशी बोलायला फडात उतरली. हो, मी फडच म्हणते त्याला. मला म्हणाली, "तू खोल्या बघून ये. मुलं आहेत का, आणि असतील तर त्यांच्याजवळ कुणी मोठं माणूस आहे का, एवढंच लिही."

तिसऱ्या खोलीच्या पायरीवर एक पोरगी बसली होती. आठ-नऊ वर्षांची. मला बघून ती उभी राहिली आणि उभी राहताना तिने कडेवरच्या बाळाला एक झोका देऊन नीट बसवलं, कंबर एका बाजूला काढून. शरीराला सवय झाल्याशिवाय ती कंबर तशी निघत नाही. छातीवर हात ठेवून मी म्हटलं, "मनीषा." तिने म्हटलं, "योआना." यापुढे आमची भाषा संपली. मी पायरीवर बसले. तिने बिस्किट पाण्यात बुडवून बाळाला भरवलं, तोंड पुसलं, त्याच फडक्याने स्वतःचंही पुसलं. दोन खोल्या सोडून एक वयस्कर बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने आमच्याकडे बघितलं, मी मान डोलावली, तिनेही डोलावली. मी कागद काढला आणि लिहिलं, मुलं: दोन. मोठं माणूस: आहे. खाली सही केली.

देवाशपथ सांगते, त्या क्षणी आपण काही चुकीचं लिहितोय असं माझ्या मनालाही शिवलं नाही. बाई खोपीवर आहे, म्हणजे पोरं तिची. यात विचारायचं काय?

तिसऱ्या दिवशी बिर्गिटने तो कागद माझ्या टेबलावर ठेवला. अहवालात त्या बाईचं नाव हवं म्हणून ती परत जाऊन आली होती.

"तू त्या बाईला विचारलंस, की ती मुलांवर लक्ष ठेवते का?"

"नाही."

"मग तुला कसं कळलं?"

"आमच्याकडे विचारत नाहीत," मी म्हटलं.

बिर्गिट म्हणाली, "ती बाई बल्गेरियाची आहे. त्या दिवशी सकाळीच पोचली होती. या मुलांची भाषा तिला येत नाही. मुलं कुणाची तेही तिला ठाऊक नाही. तिला वाटलं, तू त्यांची कुणीतरी आहेस."

मी तावातावाने बोलायला तोंड उघडलं. आमच्याकडे असं असतं, आमच्याकडे तसं असतं, सगळे मिळून, समुदाय, ते वर्तुळ. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण मला कौसाकाकू आठवली.

मी आठ वर्षांची होते, भागवत तीन वर्षांचा. आमची खोपी उसाच्या रानाच्या कडेला. आई सकाळी निघताना म्हणाली, "कौसाकाकू हाय खोपीवर." काकू होती. शेजारच्या खोपीत डोक्यावरून गोधडी घेऊन पडली होती. मी सागरगोटे खेळत होते, एकटीच. भागवतने चुलीच्या राखेत हात घातला. वरून पांढरी राख, खाली निखारे. मी काकूला हलवलं, परत हलवलं, तिने डोळे उघडले आणि मिटले. मग भागवतला उचलून मी फडाकडे पळाले. सगळीकडे ऊसच ऊस, माझ्या दुप्पट उंचीचा, आणि आपली टोळी कुठल्या बाजूला तोडतेय ते कळेना. मी किती वेळ पळाले मला सांगता येणार नाही. भागवतच्या डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची. या गोष्टीवरून मला घरात कुणी एक शब्द बोललं नाही. आई लोकांना सांगायची, "काकू हुती की जवळ. नशीब, दुसरं काय." ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. आणि तेच नशीब मी पोर्तुगालात फळ्यावर चढवून, वर टाळ्या घेऊन आले होते.

मी बिर्गिटसमोर रडले. रडता रडता विचारलं, आता पोरं काढून नेणार का आईबापांपासून? ती म्हणाली, "आई शेतात आहे म्हणून? मूल काढून न्यायला काय काय लागतं, ते तुला पहिल्या सत्रात शिकवलंय ना? तू परीक्षा कशी पास झालीस?" असं बोलते ती बाई. मग तिने दोन दिवस फोनच केले. योआनाचे आईवडील आधी खूप चिडले, तिची आई आमच्याकडे पाठ करून बसली. आठवड्याभरात बाळाला पाळणाघरात जागा मिळाली आणि योआनाला न्यायला शाळेची बस शेताच्या फाटकापर्यंत यायला लागली. सगळं छान झालं असं समजू नका. बाळ चार दिवस तिच्या नावाने आक्रोश करत होतं, आणि योआना शाळेच्या अंगणात बाकीची पोरं खेळताना भिंतीला टेकून उभी असायची. जूनमध्ये हंगाम संपला, ते लोक गेले. कुठे गेले मला माहीत नाही.

त्यानंतर मला कुठेच धड बसवेना. वाचनालयात बसले की आरू दिसायची. ती तोपर्यंत गावी परतली होती, तिसरीतून चौथीत ढकलली गेली होती, पाढे विसरली होती. तिसऱ्या सत्रासाठी विषय निवडायचा होता. मी लिहून दिलं: हंगामी मजुरांची मुलं, जर्मनीतला एक भाग आणि पाथर्डी तालुका. मंजूर झालं. अभ्यास हे निमित्त होतं, हे आता सांगायला हरकत नाही. दसऱ्याला आठ दिवस असताना मी घरी पोचले.

घरी पोचले आणि पहिल्याच संध्याकाळी अंगणात व्याख्यान झोडलं. मुलांचे हक्क, शाळेची बस, योआना, पाळणाघर. वहिनी भाकरी थापता थापता ऐकत होती. भागवतने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, उंटावरनं शेळ्या हाकू नको. हितं फाटकापतूर बस येती का? हितं फाटकच न्हाई." सगळे हसले. मग डावा हात वर करून म्हणाला, "आन माझं तर काय आडलं? दोन बोटं गेली, धरायला हात पुरतोय. पोरं झालीच की मला."

"तो हात माझ्यामुळं भाजला," मी म्हटलं.

आण्णा म्हणाले, "आठ वर्साची हुतीस गं तू."

"तेच म्हणतेय मी. आरू नऊची आहे."

आई म्हणाली, "एकटी न्हवतीस. काकू हुती की."

"आई, काकू तापानं बेशुद्ध होती. मी तिला हलवलं होतं."

आईने डोक्यावरचा पदर नीट केला. उत्तर तिने माझ्याकडे न बघता दिलं.

"म्हाईत हाय मला. मीच तिला सकाळी पानी पाजून गेल्ते."

पंचवीस वर्षांत ती हे कुणाशी बोलली नव्हती. तिचा आवाज चढला. "मंग काय करायचं हुतं? कुनाला ठिवायचं हुतं तुमच्यापाशी? तू शिकलीस ना, तू सांग. कुनाला? आता बी तेच हाय. पोरगी नगं नेऊ म्हंतीस. बरं. न्हाई नेत. मंग तू ऱ्हा हितं."

वर्षभर मी धोरणं शिकत होते. स्वीडनचं धोरण, पोर्तुगालचं धोरण, जर्मनीचं धोरण, त्यांची तुलना. आईच्या त्या एका वाक्यापुढे यातलं एकही मला वापरता आलं नाही. आणि खरं सांगू? माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते परतीचं तिकीट. मला पळून जावंसं वाटलं. मी म्हटलं, "राहते."

ट्रक आला त्या दिवशी आरूचा माझ्यावर विश्वासच नव्हता. तिने आपलं गाठोडं बांधून ठेवलं होतं आणि ते हातात धरून ती ट्रकजवळ उभी होती, शेवटपर्यंत. वहिनीने पिंट्या माझ्या हातात दिला आणि ट्रकमध्ये चढली. पिंट्याने असा टाहो फोडला की मुकादम म्हणाला, बाई, पोराला घरात न्या. ट्रक वळणावरून दिसेनासा झाल्यावर आरूने गाठोडं खाली ठेवलं आणि विचारलं, "आत्या, तुला सैपाक येतो?"

येतो म्हणून सांगितलं, पण येतो असं काही नाही. दोन वर्षांच्या पोराला सांभाळता तर अजिबात येत नाही. पिंट्याने माझा लॅपटॉप दुधाने धुतला, मुलाखतींच्या वहीची पानं खाल्ली. संध्याकाळी पाच वाजले की माझ्या पायांना मुंग्या यायच्या. मुरमाच्या रस्त्याने शेवगावकडे जाणारी एसटी दिसली की वाटायचं, चढावं आणि कुठंही जावं. आईने दहा-दहा फोन करून मला तिच्याच घरातल्या डब्यांची नावं शिकवली.

पण एक गोष्ट मला माहीतच नव्हती. मी आमचं गाव थंडीत कधी पाहिलंच नव्हतं! लहानपणी या दिवसांत आम्ही फडावर असायचो, पुढे मी वसतिगृहात, पुढे नगरला. घराला कुलूप, तर यायचं कशाला? चौतिसाव्या वर्षी मला कळलं की आमच्या घराच्या मागे डिसेंबरात शाळू डोक्याइतका होतो, सकाळी उन्हं आधी आमच्या ओट्यावर येतात आणि मग समोरच्या देवळावर. समोरच्या ओळीतल्या चौदा घरांना कुलपं होती. उघडं दार आमचं, आणि दोन म्हाताऱ्या जोडप्यांची. शाळेत गुरुजींनी दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरी घेताना आरूचं नाव सवयीने गाळलं, तर ती म्हणे उभी राहून म्हणाली, "गुरुजी, मी हाय." हे तिने घरी येऊन मला तीनदा सांगितलं.

तरी ती खेळायची नाही. मधल्या सुट्टीत पळत घरी यायची, दारातूनच आधी पिंट्याला बघायची, मग मला बघायची, आणि परत पळायची. मला वाटायचं पिंट्यासाठी येते. हळूहळू लक्षात आलं, मी आहे का गेले, ते बघायला येते.

जानेवारीत विद्यापीठाचा निरोप आला. चौथं सत्र फेब्रुवारीत सुरू, हजर राहा, नाहीतर वर्षभर पुढे ढकला आणि तसं कारण लिहून कळवा. मी रोज उत्तर लिहायला बसायचे आणि पुसायचे. एका दुपारी बिर्गिटचा फोन आला, मी ओट्यावर फेऱ्या मारत तिच्याशी इंग्रजीत बोलले. आरूला इंग्रजी येत नाही. पण 'फेब्रुवारी' आणि 'तिकीट' एवढं तिला कळलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची वेळ झाली तरी पोरगी तयार नाही. बाहेर येऊन बघते तर घरातलेच कपडे अंगावर, पिंट्या कडेवर, कंबर एका बाजूला काढलेली. मोठ्या माणसासारखी मला म्हणाली:

"आत्या, तू जा तुज्या साळंला. मी हाय की."

मी ओरडले तिच्यावर. केवढ्याने ओरडले! समोरच्या ओळीतला म्हातारा काठी टेकत बाहेर आला. आरू घाबरली, रडायला लागली, तिचं बघून पिंट्या रडायला लागला, आणि मग मीही. आपल्याला राग नक्की कुणाचा येतोय ते मला कळत नव्हतं. तिचा तर नक्कीच नव्हता. मी पिंट्याला तिच्या कडेवरून काढून घेतलं. तो सहजी सुटेना, बोटं एकेक करून सोडवावी लागली. तिची वेणी घातली, वाकडी आली. म्हटलं, "मी कुठं जात नाही. आई येईपर्यंत नाही. तुझ्या गळ्याशप्पथ."

"आन तुजी साळा?"

"माझी शाळा वर्षभर थांबणार आहे. कालच लिहून कळवलं." खरं म्हणजे कळवलं नव्हतं. ती गेल्यावर पाच मिनिटांत कळवलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: घरी मूल सांभाळायला दुसरं कुणी नाही.

तुम्हाला वाटेल, मोठा त्याग केला. कसला त्याग? पुढच्या दसऱ्याला काय, हा प्रश्न तसाच आहे, आणि त्या चौदा कुलपांमागच्या पोरी आज कुठल्या ना कुठल्या खोपीवर आहेतच. मी अजूनही रोज पळून जायचा विचार करते. सुटलो म्हणणाऱ्यांनो, घराची ओढ वगैरे आपण लांबून लिहितो ते सोपं असतं. कुणीतरी मागे थांबलेलं असतं म्हणून ते घर असतं. यंदा ते कुणीतरी मी आहे, आणि मला ते धड जमत नाही, एवढंच सांगायचं आहे.

त्या सकाळी घंटा झाली तशी आरू दप्तर घेऊन निघाली. दहा पावलांवर वळून बघितलं. मी पिंट्याला घेऊन दारात. हापशापाशी वळून बघितलं. देवळाच्या कोपऱ्यावर परत एकदा. मी तिथेच. मग शाळेच्या बाजूने कुणीतरी तिला हाक मारली, ती पळत सुटली, आणि त्यानंतर तिने मागे पाहिलं नाही.